मगरीचे दांत आणि आपले दांत



‘दांत आहेत तर चणे नाहींत आणि चणे आहेत तर दांत नाहींत,’ ही म्हण आपण दैवाच्या उफराट्या न्यायाला उद्देशून वापरतों. परंतु क्षणभर तिचा वाच्यार्थच घेतला, तर तींत प्राणिशास्त्रांतील एक मोठा प्रश्न दडलेला आहे असें दिसून येईल. नख तुटलें तर वाढतें, केस कापले तर उगवतात, मोडलेलें हाड सांधतें, कातडीवरची जखम भरून येते. मग ज्यांच्यावांचून घांस गिळणें कठीण, त्या दांतांच्याच बाबतींत निसर्गानें आपला हात इतका आंखडता कां घ्यावा? दुधाचे दांत पडल्यावर तो एकदां नवे देतो आणि पुढें साऱ्या जन्मांत त्यांवरच भागवावयास सांगतो. बरें, वारंवार नवे दांत देण्याची विद्या त्याला अवगतच नाहीं म्हणावें, तर नदीच्या कांठीं ऊन खात पडलेल्या मगरीकडे पाहावें. तिच्या जबड्यांत एकेका जागीं जन्मभरांत पन्नासपर्यंत दांत एकामागून एक येऊं शकतात, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. जें मगरीला सहज लाभतें तें माणसासारख्या बुद्धिमान् प्राण्याला नाकारलें जावें, हें कोडें नव्हे काय?

या कोड्याचें उत्तर दगडांत सांपडतें. सरीसृपांच्या धर्तीचे दांत हळूहळू पालटून सस्तन प्राण्यांचे दांत कसे झाले, याची साक्ष देणाऱ्या अश्मीभूत जबड्यांची एक दीर्घ मालिका गेल्या दोनशें वर्षांत भूगर्भांतून हातीं आली आहे. ती पाहिली म्हणजे असें ध्यानांत येतें कीं, आपले दांत पुन्हा पुन्हा येत नाहींत ही निसर्गाची कृपणता नसून एका फार जुन्या सौद्यांत चुकती केलेली किंमत आहे. त्या सौद्यांत आपल्या पूर्वजांनीं काय दिलें आणि काय घेतलें, तें आज आपणांपुढें मांडण्याचा माझा विचार आहे.

प्रथम दोन्ही प्रकारचीं तोंडें नीट पाहूं. मगरीचे दांत लहानमोठे असले तरी जवळजवळ एकाच घडणीचे, सुळक्यासारखे निमुळते असतात. त्यांचें मुख्य काम भक्ष्य पकडून ठेवण्याचें. मगर अन्न चावून बारीक करीत नाहीं. ती लचका तोडते आणि गिळते. तिचे वरचे व खालचे दांत एकमेकांवर टेकत नाहींत, तर एकमेकांशेजारच्या फटींत बसतात. प्रत्येक दांताच्या बुडाशीं त्याचा वारस तयार होत असतो. तो वाढूं लागला कीं जुन्या दांताचें मूळ झिजतें, आणि जुना गळून पडून नव्याला जागा करून देतो. भिंतीवरची पाल किंवा रानांतली घोरपड घ्या. त्यांचे दांत मगरीप्रमाणें खोबणींत बसलेले नसून जबड्याच्या आंतल्या बाजूला चिकटलेले असतात. पण बदलीचा क्रम तोच. अर्थात् निसर्गांत नियमाला अपवाद असतातच. कुंपणावरच्या आपल्या सरड्याचे बाजूचे दांत जबड्याच्या कडेवर पक्के जखडलेले असतात, व ते झिजले तरी सहसा बदलत नाहींत. परंतु साधे, एकसारखे आणि आयुष्यभर बदलत राहणारे दांत ही सरीसृपांची सर्वसाधारण रीत होय.

आतां आरशासमोर उभें राहून आपलें स्वतःचें तोंड उघडावें. समोर पटाशीसारखे धारदार कृंतक दंत, चार वर आणि चार खालीं. त्यांच्या दोन्ही अंगांस एकेक सुळा, मग दोन दोन उपदाढा आणि शेवटीं तीन तीन दाढा. तोडणें, धरणें, ठेचणें आणि दळणें अशी कामांची वांटणी येथें झालेली आहे. बालपणचे वीस दुधाचे दांत पडून त्यांच्या जागीं वीस कायमचे येतात. उरलेल्या बारा दाढा एकदांच येतात. त्यांना पूर्वजहि नाहीं आणि वारसहि नाहीं. मगरीच्या दांताला मूळ एकच. आपल्या दाढेला दोन किंवा तीन. सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही कीं, तोंड मिटलें असतां वरच्या दाढांचे उंचवटे खालच्या दाढांच्या खळग्यांत नेमके जाऊन बसतात. दंतवैद्यानें दांतांत भरलेली चांदी केसभर जरी उंच राहिली, तरी सारें तोंड तक्रार करूं लागतें, इतका हा मेळ सूक्ष्म आहे. तेव्हां आपल्यांत आणि सरीसृपांत भेद तीन: दांतांचे निरनिराळे प्रकार, वरखालच्या दांतांचा नेमका मेळ आणि एकदांच होणारी बदली. हे तीन भेद श्रोत्यांनीं लक्षांत ठेवावे. पुढील सारी कथा त्यांच्याभोंवतींच फिरते.

या भेदांचें महत्त्व युरोपांतील पंडितांना एका गाजलेल्या वादामुळें पटलें. इंग्लंडांत ऑक्सफर्डजवळ स्टोन्सफील्ड नांवाचें एक खेडें आहे. घरांच्या छपरांवर घालण्यासाठीं तेथें दगडाच्या पातळ फरशा खणून काढीत असत. त्या खाणींत एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं बोटाच्या पेराएवढे कांहीं इवलेसे जबडे सांपडले. १८१८ मध्यें सुप्रसिद्ध फ्रेंच शास्त्रज्ञ क्यूव्हिए हे ऑक्सफर्डला आले असतां त्यांनीं ते पाहिले, आणि ते अमेरिकेंतील ओपॉसम या पिशवीवाल्या सस्तन प्राण्याच्या धर्तीचे आहेत असा अभिप्राय दिला. १८२४ मध्यें भूगर्भशास्त्रज्ञ बकलंड यांनीं ही गोष्ट प्रसिद्ध केली, तेव्हां मोठी खळबळ उडाली. कारण ते थर महाकाय सरीसृपांच्या काळचे होते. आज त्यांचें वय सुमारें साडेसोळा कोटि वर्षें मानतात. त्याच दगडांतून मेगॅलोसॉरस या अजस्र डायनोसॉरचीं हाडें निघालीं होतीं. अशा युगांत सस्तन प्राणी असणेंच शक्य नाहीं, अशी त्या वेळीं पुष्कळांची समजूत होती.

१८३८ मध्यें पॅरिसचे ब्लेंव्हिल यांनीं उघड शंका घेतली, आणि दोन तट पडले. शंका घेणाऱ्यांचे दोन मुद्दे विशेष लक्षांत घेण्याजोगे आहेत. एक असा कीं, या जबड्याच्या आंतल्या अंगाला एक बारीक खांचणी आहे. ती दोन हाडांमधला सांधा असावा, आणि अनेक हाडें मिळून झालेला जबडा हें तर सरीसृपाचें लक्षण. दुसरा असा कीं, दोन मुळांचे दांत केवळ सस्तनांनाच असतात असें नाहीं. अमेरिकेंतील हार्लन यांनीं १८३४ मध्यें ज्याला ‘बॅसिलोसॉरस’ असें नांव दिलें, त्या प्रचंड सरीसृपालाहि तसेच दांत आहेत. यावर लंडनचे रिचर्ड ओवेन यांनीं दाखवून दिलें कीं, स्टोन्सफील्डचा जबडा एकसंध एका हाडाचा आहे, ती खांचणी म्हणजे सांधा नव्हे, आणि त्या दाढांचे उंचवटे व दुहेरी मुळें निःसंशय सस्तनाचीं आहेत. पुढें १८३९ मध्यें खुद्द हार्लनच बॅसिलोसॉरसचे अवशेष घेऊन लंडनला गेले. ओवेन यांनीं त्यांतील दांतांची बारकाईनें तपासणी केली आणि हा सरीसृप नसून देवमाशाच्या जातीचा सस्तन प्राणी आहे, असा निर्णय दिला. ‘सरड्यांचा राजा’ अशा अर्थाचें तें नांव मात्र चिकटलें तें आजतागायत सुटलें नाहीं. याप्रमाणें दांतांनीं दोन खटल्यांचा निकाल लावला. त्या बारीक खांचणीची गोष्ट मात्र येथें संपत नाहीं. तिच्याकडे पुढें वळावें लागेल.

या वादावरून सरीसृप आणि सस्तन यांच्यामधील भिंत त्या काळीं किती अभेद्य मानली जात होती, तें दिसतें. परंतु त्याच वर्षीं, म्हणजे १८३८ मध्यें, दक्षिण आफ्रिकेंत त्या भिंतीला पहिलें खिंडार पडत होतें. अँड्र्यू गेडीस बेन हे तेथें रस्ते बांधण्याचें काम करीत. कारू प्रदेशाच्या खडकांत त्यांना कांहीं चमत्कारिक कवट्या सांपडल्या. त्या लंडनला गेल्या, आणि १८४५ मध्यें ओवेन यांनींच त्यांतील एका प्राण्याला ‘डायसिनोडॉन’, म्हणजे दोन सुळ्यांचा, असें नांव दिलें. कवटी सरीसृपासारखी, आणि सुळे मात्र एखाद्या श्वापदासारखे! पुढें कारूमधून अशा प्राण्यांची रीघच लागली, आणि १८७६ मध्यें ओवेन यांनीं त्यांतील कांहींचा ‘श्वापददंती’ अशा अर्थाचा एक स्वतंत्र गट केला.

याच सुमारास अमेरिकेंत, टेक्सासच्या तांबड्या खडकांत, या वंशाचा आणखी जुना सभासद सांपडला. १८७८ मध्यें कोप या शास्त्रज्ञानें त्याचें नांव ‘डायमेट्रोडॉन’ असें ठेविलें. ‘दोन मापांच्या दांतांचा’ हा त्याचा अर्थ. पाठीवर उभ्या शिडासारखा पडदा असलेला हा प्राणी चित्रांत पाहून पुष्कळ लोक त्याला डायनोसॉर समजतात. वस्तुतः तो डायनोसॉरांच्या कितीतरी आधीं, सुमारें एकोणतीस ते सत्तावीस कोटि वर्षांपूर्वीं होऊन गेला, आणि त्याचें नातें त्यांच्यापेक्षां आपल्याशीं अधिक जवळचें आहे. त्याच्या जबड्यांत पुढच्या बाजूला कांहीं दांत ठसठशीत मोठे आणि मागचे लहान होते. आज जें आपण सुळा आणि दाढ असें म्हणतों, त्या वांटणीचा हा अगदीं पहिला आंखणीवजा नमुना समजावा.

येथें एक खुलासा अवश्य केला पाहिजे. माणूस मगरीपासून किंवा पालीपासून झाला, असें शास्त्र म्हणत नाहीं. तीस कोटि वर्षांहून अधिक काळापूर्वीं एका सामान्य पूर्वजापासून दोन घराणीं निराळीं झालीं. एकांत पुढें कासवें, साप, मगरी, डायनोसॉर आणि पक्षी झाले. दुसऱ्यांत डायमेट्रोडॉन, कारूचे श्वापददंती आणि अखेर सस्तन प्राणी झाले. जुन्या ग्रंथांत या दुसऱ्या घराण्याच्या आद्य पुरुषांना ‘सस्तनसदृश सरीसृप’ म्हणत. आज त्यांना सरीसृपांत गणीत नाहींत. परंतु त्यांचे आरंभीचे दांत सरीसृपांच्याच धर्तीचे, साधे आणि सतत बदलणारे होते, हें मात्र खरें.

आतां सुमारें पंचवीस कोटि वर्षांपूर्वींचा कारूमधील ‘थ्रिनॅक्सोडॉन’ पाहावा. मांजराएवढा हा प्राणी ‘श्वानदंती’ या गटांतला. त्याच्या तोंडांत पुढचे लहान दांत, नंतर स्पष्ट सुळा आणि मागें गालाकडचे दांत असे तीन प्रकार उघड दिसतात. गालाकडच्या दांतांवर एका ओळींत तीन टोंकें आहेत. म्हणजे आपल्या तीन भेदांपैकीं पहिला येथें सिद्ध झाला. मात्र वरचे आणि खालचे दांत अजून नेमके जुळत नव्हते, आणि त्यांची बदलीहि थांबलेली नव्हती. थ्रिनॅक्सोडॉनचा समकालीन ‘लिस्ट्रोसॉरस’ हा या घराण्याच्या दुसऱ्या एका शाखेचा प्राणी आपल्या देशांतहि होता. बंगालमध्यें राणीगंजजवळच्या पंचेत खडकांतील त्याच्या अवशेषांचें वर्णन हक्स्ले यांनीं १८६५ मध्यें केलें. या शाखेनें मात्र निराळाच मार्ग धरला. दोन सुळे ठेवून बाकीचे दांत तिनें टाकून दिले आणि कांसवासारख्या चोंचीवर निभावलें. तिचा वंश पुढें खुंटला.

दुसरा आणि तिसरा भेद केव्हां सिद्ध झाला? ब्राझिलांत सुमारें साडेबावीस कोटि वर्षांपूर्वींचा ‘ब्राझिलोडॉन’ नांवाचा एक चिमुकला प्राणी सांपडला आहे. त्याच्या निरनिराळ्या वयाच्या जबड्यांचे सूक्ष्म छेद घेऊन २०२२ मध्यें संशोधकांनीं असें दाखविलें कीं, त्याला आपल्याप्रमाणेंच दांतांच्या दोनच पिढ्या येत असाव्या. त्यानंतर सुमारें दोन कोटि वर्षांनीं ‘मॉर्गनुकोडॉन’ होऊन गेला. जर्मनींतून इंग्लंडच्या आश्रयास आलेले वॉल्टर क्यूने यांनीं वेल्समधील एका चुनखडीच्या खाणींत मिळालेल्या दांतावरून १९४९ मध्यें हें नांव दिलें. ग्लॅमॉर्गन परगण्याच्या जुन्या नांवावरून तें आलें आहे. हा प्राणी चिचुंद्रीएवढा. त्याच्या दाढांना दोन मुळें, दाढा एकदांच येणाऱ्या आणि इतर दांत एकदांच बदलणारे. शिवाय दाढांच्या बाजूंवर घर्षणानें पडलेले तुकतुकीत पट्टे नेमक्या ठराविक जागीं आढळतात. यावरून वरची दाढ खालच्या दाढेवर दर खेपेस त्याच जागीं घांसत असे, हें सिद्ध होतें.

येथें आपल्या सौद्याचें मर्म हातीं येतें. मॉर्गनुकोडॉनच्या दाढा उगवल्या तेव्हांच पूर्ण जुळत नसत. एकमेकींवर घांसून घांसून त्या जुळत. आपल्या घरचें जातें घ्या. त्याचे दोन दगड पुष्कळ दिवस एकमेकांवर फिरले म्हणजे त्यांची चांगली बैठक होते. उद्यां कोणी दर महिन्याला कधीं वरचा, तर कधीं खालचा दगड बदलूं लागला, तर पीठ कधींच बारीक येणार नाहीं. सरीसृपांच्या तोंडांत नेमका हाच प्रकार चालतो. आज हा दांत पडला, उद्यां तो उगवतो आहे. अर्धवट वाढलेला शेजारी पूर्ण वाढलेल्याला लागून उभा. अशा पंक्तींत वरखालचा मेळ बसणार कसा? ज्याला नीट चर्वण करावयाचें, त्याला दांत पुन्हा पुन्हा बदलून चालत नाहीं. म्हणजे दोन सुखांतून एक निवडणें प्राप्त होतें: अक्षय दांत किंवा अचूक दांत. आपल्या पूर्वजांच्या वंशांत अचूक दांत टिकून राहिले.

‘निवड’ हा शब्द मी सोयीसाठीं वापरला. कोणी सभा भरवून ठराव केला नव्हता. ज्यांचें अन्न अधिक बारीक होई, त्यांना त्याच अन्नांतून अधिक पोषण लवकर मिळे. त्यांची प्रजा अधिक जगे. आणि असें लाखों पिढ्या चालून ही घडण पक्की झाली, इतकाच त्याचा अर्थ.

परंतु दांतांची बदली थांबविण्यांत एक मोठी अडचण होती. अंड्यांतून निघालेलें मगरीचें पिल्लूं पहिल्या दिवसांपासून स्वतः शिकार करतें आणि पुढें वर्षानुवर्षें वाढत राहतें. वीतभर पिल्लाच्या जबड्याचे दांत दोन पुरुष लांबीच्या मगरीला कसे पुरावे? म्हणून तिला प्रत्येक वेळीं थोडे मोठे दांत हवेच. सस्तन प्राण्यांनीं ही अडचण दुधानें सोडविली. बाळ आईच्या दुधावर असतें तोंपर्यंत त्याला दांतांची गरज नसते, आणि तेवढ्या अवधींत जबडा झपाट्यानें वाढून घेतो. मग लहान तोंडासाठीं दांतांची एक पिढी आणि मोठ्या तोंडासाठीं दुसरी, एवढ्यानें काम भागतें. आपल्या आज्यांनीं पहिल्या दांतांना ‘दुधाचे दांत’ असें नांव दिलें, तें बाळपणावरून. शास्त्राच्या दृष्टीनें त्यांत केवढा अर्थ भरला आहे! दूध नसतें, तर दोनच पिढ्यांवर भागविणारे हे दांतहि बहुधा शक्य झाले नसते.

एकदां मेळ बसल्यावर दाढांच्या कारागिरीला बहर आला. थ्रिनॅक्सोडॉनच्या दांतांवरील एका ओळींतलीं तीन टोंकें पुढील कांहीं प्राण्यांत त्रिकोणांत मांडलेलीं दिसतात. दाढेच्या उत्क्रांतींत या त्रिकोणाचें महत्त्व प्रथम कोप यांनीं १८८३ मध्यें आणि मग ऑसबॉर्न यांनीं १८८८ मध्यें विशद केलें. त्यांच्या उपपत्तींतील कांहीं तपशील आज मागें पडले असले, तरी मुख्य कल्पना टिकून आहे. वरचा त्रिकोण खालच्या त्रिकोणाशेजारून सरकला म्हणजे त्यांच्या कडा अडकित्त्यासारख्या कातरतात. पुढें खालच्या दाढेला मागच्या अंगास एक खळगा आला आणि वरच्या दाढेचें एक टोंक त्यांत नेमकें पडूं लागलें. हा झाला खलबत्ता. अडकित्ता आणि खलबत्ता एकाच दाढेंत बसविणारी ही रचना म्हणजे पुढील बहुतेक सस्तनांच्या दाढांचें मूळ भांडवल होय. तिच्यांतून वाघाची सुरीसारखी दाढ निघाली, गाईची जात्यासारखी निघाली आणि आपली पोळी-भाकरी, भाजी, चणे सर्वांना पुरणारी दाढहि निघाली.

आतां ती स्टोन्सफील्डची खांचणी. सरीसृपाच्या खालच्या जबड्यांत अनेक हाडें असतात. दांत धारण करणारें हाड पुढें असतें, आणि जबड्याची बिजागरी मागच्या लहान हाडांवर फिरते. चर्वणाचें काम जसजसें वाढलें, तसतसे मोठे स्नायु दांतांच्या हाडाला येऊन लागले. तें हाड मागें वाढत वाढत कवटीला भिडलें आणि तेथें नवी बिजागरी तयार झाली. मॉर्गनुकोडॉनच्या जबड्यांत जुनी आणि नवी अशा दोन्ही बिजागऱ्या शेजारीं शेजारीं दिसतात. मग जुन्या बिजागरीच्या हाडांचें काय झालें? तीं आपल्या कानांत आहेत. सरीसृपाच्या कानांत ध्वनि वाहून नेणारें हाड एकच, रिकिबीसारखें; आपल्या कानांत त्याच्या जोडीला घण आणि ऐरण अशीं आणखी दोन आहेत. तीं मूळचीं जबड्याचींच हाडें होत, हें जर्मन शास्त्रज्ञ रायखर्ट यांनीं गर्भांचा अभ्यास करून १८३७ मध्येंच ओळखलें होतें. ओपॉसमच्या नवजात पिल्लांत आजहि नवी बिजागरी तयार झालेली नसते. जबडा आणि कान यांचें तें जुनें नातें तेथें डोळ्यांनीं पाहतां येतें. जबड्याच्या आंतल्या अंगास एक कूर्चा असे, आणि कानाकडे निघालेलीं हीं हाडें प्रथम तिच्याच आधारानें जबड्याला जोडलेलीं होतीं. स्टोन्सफील्डच्या जबड्यावरील ती खांचणी त्या कूर्चेची खोबण होती. म्हणजे ओवेन यांचा निर्णय बरोबरच होता. परंतु हरलेल्या पक्षानें जिच्यावर बोट ठेविलें, ती खूणहि पुरातन वारशाचीच होती. मी हें भाषण करीत असतां माझे शब्द आपल्याला ऐकूं येत आहेत, त्यांत आपल्या पूर्वजांच्या चावण्याचा असा वांटा आहे.

दांतांवरून इतकें कळतें म्हणून त्यांवर आंधळा विश्वास मात्र ठेवूं नये. मध्य प्रदेशांतील टिकी येथील सुमारें बावीस कोटि वर्षांपूर्वींच्या थरांतला म्हणून एका दाढेला २००५ मध्यें ‘टिकिथेरियम’ असें नांव मिळालें, आणि इतक्या जुन्या काळीं इतकी प्रगत दाढ पाहून सर्वांना आश्चर्य वाटलें. २०२४ मध्यें दोन रशियन संशोधकांनीं तिची पुन्हा छाननी केली, तेव्हां ती फार अलीकडच्या काळांतील एका चिचुंद्रीची दाढ आहे असा निष्कर्ष निघाला. तसेंच, दांत सुधारले त्याच क्षणीं सस्तनांचे सगळे गुण एकदम अवतरले असेंहि नाहीं. झाडाच्या खोडांत वर्षावर्षाचीं वलयें पडतात, तशीं दांतांच्या मुळांवरहि पडतात. मॉर्गनुकोडॉनच्या दांतांचीं वलयें २०२० मध्यें मोजण्यांत आलीं, तेव्हां तो चौदा वर्षांपर्यंत जगत असे, असें दिसून आलें. आज तेवढ्या आकाराचे बहुतेक उष्णरक्ताचे सस्तन इतके जगत नाहींत. यावरून त्याच्या शरीराचा व्यवहार अजून बराचसा सरीसृपांच्या संथ चालीनें होत असावा. दांत आधीं सुधारले. पुरतें ऊबदार रक्त मागाहून आलें.

आतां किंमतीची गोष्ट. अचूक दाढ मिळाली खरी, पण ती झिजली म्हणजे सर्व संपलें. या संकटावर निरनिराळ्या सस्तनांनीं निरनिराळे उपाय काढले. उंदीर-घुशींचे पुढचे दांत आयुष्यभर वाढतच राहतात. गाईच्या आणि घोड्याच्या दाढा उंच असतात. झीज होईल तशा त्या हळूहळू वर सरकतात. हत्तीचे खावयाचे दांत आणि दाखवावयाचे दांत निराळे, हें आपण म्हणतोंच. त्याच्या खावयाच्या दाढा जबड्याच्या प्रत्येक अर्ध्यांत जन्मभरांत सहा येतात. त्या मागून पुढें सरकत एकामागून एक वापरल्या जातात. साठीच्या सुमारास शेवटची झिजली म्हणजे भरल्या रानांत त्या बलाढ्य प्राण्यावर उपासमारीची पाळी येते. मगरीनें न केलेल्या सौद्याचें देणें हत्ती असें फेडतो.

माणसावर ही पाळी आली नाहीं, याचें कारण त्याचे हात आणि त्याची चूल. सुरी, विळी, जातें, पाटा-वरवंटा आणि शिजलेला मऊ भात हे आपले तोंडाबाहेरचे दांतच होत. साठी उलटलेल्या माझ्यासारख्यांना त्यांचें मोल चांगलें ठाऊक आहे. आतां तर दांत उगवण्यास अडथळा करणाऱ्या एका प्रथिनाला आवर घालणारें औषध निघालें असून, जपानमध्यें क्योटो येथें २०२४ मध्यें माणसांवर त्याची पहिली चांचणी सुरू झाली. तो प्रयत्न यशस्वी होवो. परंतु नुसता दांत उगवून भागणार नाहीं. समोरच्या दांताशीं त्याचा मेळहि बसला पाहिजे, हें आजच्या विवेचनावरून आपल्या लक्षांत आलेंच असेल.

तोंवर आहेत तेच दांत जपणें हा शहाणपणाचा मार्ग. लहान मुलाचा दुधाचा दांत पडला म्हणजे तो कौलांवर टाकण्याची जुनी चाल अनेक घरांत आहे. पुढच्या खेपेस घरांत असा प्रसंग आला, तर दांत टाकण्यापूर्वीं तो त्या मुलाच्या तळहातावर ठेवून त्याला सांगावें कीं, बाळ, दांत बदलण्याची ही आपली एकुलती एक संधि आहे. आतां जो येईल तो सांभाळ, कारण त्याच्यामागें दुसरा उभा नाहीं.